दोन सूर्य आणि एकच सावली

पत्र (थोडं आटोपशीर करून)

ताई, मी निपाणी तालुक्यात, दूधगंगेकाठच्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या हायस्कूलचे विज्ञानाचे सर निवृत्त झाल्यावर सहा वर्षं खपले आणि त्यांनी एक विज्ञान-अद्भुत कादंबरी लिहिली. ४१६ पानं, फंडाचे पैसे घालून छापली. पुढच्या महिन्यात गावच्या साहित्य संमेलनात तिच्यावर चर्चा आहे. मला बारा मिनिटं बोलायचंय, माझं नाव सरांनीच सुचवलं. पुस्तक पुरं करायला मला एकवीस दिवस लागले. पात्रं पुठ्ठ्याची वाटतात. तो ग्रह, ते राज्य, काहीच खरं वाटत नाही. कदाचित मलाच कळलं नसेल. पण सर म्हणजे सर. वर्गात दोन मेणबत्त्या लावून त्यांनी सावल्या शिकवल्या, ते मी आजही माझ्या मुलांना तसंच शिकवते. डी.एड.ची पहिली फी त्यांनी भरली होती. दुसरा भाग निम्मा लिहून झालाय म्हणतात. घरचे म्हणतात, "सीमाभागात मराठी पुस्तक निघतंय हेच खूप, तू कशाला नावं ठेवतेस?" ताप आल्याचं सांगून घरी बसू का? की चार गोड शब्द बोलून मोकळी होऊ? पुस्तक सोबत पाठवलंय.

उत्तर

तापाचं आधी मिटवू. गावात ताप लपत नाही. संमेलन दुपारी संपेल आणि दिवेलागणीला सर मोसंबी घेऊन तुझ्या दारात उभे राहतील. मग थर्मामीटर काय चहात बुडवणार आहेस? जायचं आणि बोलायचं. काय बोलायचं, एवढाच प्रश्न उरतो.

(तुला सरळ 'तू' म्हणते. माझी धाकटी तुझ्याएवढीच असेल.)

पुस्तक मी वाचलं. चार दिवस लागले. एका दुपारी नवव्या प्रकरणात डोळा लागला, जाग आली तरी नायक त्याच दगडी दरवाजासमोर उभा होता. "कदाचित मलाच कळलं नसेल" हे वाक्य पत्रात तू चार वेळा लिहिलंस, मी छापताना एकदाच ठेवलंय. कळलंय की तुला चांगलं. आता ते तोंडाने कसं म्हणायचं, एवढीच तुझी अडचण.

बाकी वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात. पृथ्वीवरचं एक यान दोन सूर्यांच्या ग्रहावर उतरतं. तिथं तळ्याकाठी लाखभर वस्तीचं नगर आहे, आणि स्फटिकांतून शक्ती घेणारे मांत्रिक त्यावर राज्य करतात. नायक तरुण इंजिनिअर. एक राजकन्या आहे, एक काळा सम्राट आहे. पुस्तकाचं आणि सरांचं नाव मी गाळलंय.

मी तीसएक वर्षं वाचनालयात काढली. परत आलेल्या पुस्तकांत काय काय सापडतं म्हणून सांगू! मोरपीस, लाईटबिल, एकदा तर पापडाचा तुकडा. पण सगळ्यांत जास्त सापडतात ती बसची तिकिटं. वाचणाऱ्याने जिथं पुस्तक मिटलं आणि परत उघडलंच नाही, तिथं ते तिकीट राहतं. परीक्षण लिहिणारा खोटं बोलेल, तिकीट बोलत नाही. तुझ्या प्रतीत निपाणी–चिकोडी तिकीट पान ९८ वर होतं. मी मागचं पान उलटून बघितलं. ९७ वर मेलेला सेनापती स्फटिक छातीला लावताच उठून बसतो.

बरोबर तिथंच तुझं मन पुस्तकातून उठलं, पुढचं तू नुसतं पुरं केलंस. आता कुणी मरणारच नसेल, तर भीती कुणासाठी बाळगायची? आणि गंमत बघ, पान २४० वर तेच लोक वाळवंटात तहानेने तडफडतात, स्फटिक झोळीत आहे, आणि एकालाही तो आठवत नाही. मेलेलं माणूस उठवणाऱ्या वस्तूला तांब्याभर पाणी आणता येत नाही, तर का येत नाही हे सांगायला नको का? जादू असू दे, माझं काहीच म्हणणं नाही. आमची आजी हडळीच्या गोष्टी सांगायची, पण तिच्या हडळीला नियम होते. चिंचेखालून ती हलायची नाही, आणि मागं वळून बघितलं तरच धरायची. म्हणून तर आम्ही मान ताठ करून घरी पळायचो. सरांच्या स्फटिकाला नियमच नाही. लेखकाला जिथं अडेल तिथं तो चालतो, जिथं रडवायचं असेल तिथं बंद पडतो.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. हे स्फटिक खणतं कोण? लाखभर माणसांचं नगर त्यावर चालतं, पण ४१६ पानांत एक खाणकामगार दिसत नाही, एक व्यापारी दिसत नाही, दरावरून एक भांडण नाही. आणि लिहिणारा माणूस निपाणीचा! एका पिकामुळे अख्खं गाव कसं घडतं आणि कसं खोकतं, हे निपाणीच्या माणसाला बाहेरच्याने शिकवावं लागतं का? तंबाखू आला म्हणून वखारी आल्या. वखारी आल्या म्हणून तंबाखू चाळणाऱ्या बाया आल्या, विडी वळणारे हात आले, त्यामागून उचल आली, दलाल आले. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. सरांनी हे सगळं बघितलेलं असणार. कादंबरीतलं जग उभं करायचं ते असंच. एक वस्तू ठेवायची आणि तिच्यामुळे कुणाचं पोट भरतं, कुणाचं जळतं, ते शोधत जायचं. सरांनी मात्र स्फटिकांचं नगर उभं केलं ते लग्नाच्या मांडवासारखं. पुढून झालर, मागं बांबू.

तीच गत सूर्यांची. दोन सूर्यांचा ग्रह ही काही थाप नव्हे. केपलर दुर्बिणीतून असा ग्रह सापडल्याचं २०११ साली जाहीर झालं. त्याचे दोन सूर्य, एक नारिंगी आणि एक लहानसा लाल, एकमेकांभोवती ४१ दिवसांत फेरी मारतात आणि ग्रहाचं वर्ष साधारण २२९ दिवसांचं असतं. तो ग्रह शनीसारखा वायूचा आहे, तिथं पाय ठेवायला जमीन नाही. पण कादंबरीत जमीन द्यायला कुणाची हरकत? अशा ठिकाणी एक सूर्य आधी मावळेल, दुसरा मागाहून. कधी एक दुसऱ्याआड जाईल आणि भर दुपारी उजेडाचा रंग बदलेल. उन्हात उभ्या माणसाला दोन सावल्या पडतील, एक गडद आणि एक फिकी. सरांच्या ग्रहावर काय होतं? रोज संध्याकाळी सहाला अंधार पडतो, दिवे लागतात, आणि राजकन्येची "लांब सावली" महालाच्या भिंतीवर पडते. एकच सावली!

अगं, ज्या माणसाने तुमच्या वर्गात दोन मेणबत्त्या पेटवून, मध्ये वही धरून, दोन सावल्या कुठं एकमेकींवर चढतात ते दाखवलं, त्याच माणसाच्या पुस्तकात एक सावली! हे वाचलं आणि मला पुस्तकाचा राग येईनासा झाला. सरांना माहीत नाही असं यात काहीच नाही. विज्ञान त्यांना येतं, तंबाखू त्यांनी बघितलाय, नदी बघितलीय. लिहायला बसताना त्यांनी ते सगळं, देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं, बाहेर काढून ठेवलं. 'विज्ञान-अद्भुत' म्हणजे कुठल्यातरी लांबच्या, मोठ्या लोकांचं काम, तिथं आपल्या गावची धूळ नको, असं त्यांना वाटलं असावं.

भाषेचंच घे. पान १२ वर सगळ्यांच्या कानात एकेक भाषांतर-यंत्र बसवलं की पुढं चारशे पानं कुणाचा एका शब्दाचा गैरसमज होत नाही. ग्रहावरचे मांत्रिक, राक्षस, दायी सगळे पुस्तकी मराठी बोलतात. आपण कुठं राहतो? निपाणीहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये कंडक्टर 'एल्लिगे?' विचारतो, म्हातारी 'यमकनमर्डी' म्हणते, सुट्ट्या पैशांवरून हिंदीत वाद होतो आणि मागच्या सीटवर कुणीतरी कोंकणीत फोनवर बोलत असतं. शेताचा उतारा कन्नडात असतो, त्यावरचं भाऊबंदकीचं भांडण मराठीत होतं. एका शब्दाचा अर्थ चुकला तर काय होतं, ऑफिसातल्या खिडकीपाशी फॉर्म धरून उभं राहिलं की काय वाटतं, हे सीमाभागातल्या लेखकाइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन ग्रहांची माणसं पहिल्यांदा समोरासमोर येतात, यापेक्षा चांगली जागा होती का ते लिहायला? तिथं सरांनी कानात यंत्र घातलं आणि सुटका करून घेतली.

पात्रांबद्दल फार लिहीत नाही, तू बरोबर लिहिलंस. राजकन्येचे डोळे अकरा वेळा आलेत, मी मोजले. तळ्यासारखे सात वेळा, हरणासारखे चार. तिला हवंय काय, ते एकदाही येत नाही. नायक कधी चुकत नाही, कुणाचे पैसे बुडवत नाही, आईला फोन करायचा राहिला म्हणून कधी अस्वस्थ होत नाही. सम्राट वाईट का, तर काळा झगा घालतो म्हणून.

पण एक जण आहे. पान १८३ ते १८५. तो नावाडी.

तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे तोवर तू कंटाळलेली होतीस. परत वाच. नायक आणि राजकन्या पळत तळ्याकाठी येतात, मागं सैनिक. नावाडी ओठंगून बसलाय, वल्ह्याची मूठ सैल झालीय म्हणून वैतागलाय, त्याला हवं तसं लाकूड मिळत नाही. नायक स्फटिक पुढं करतो. नावाडी म्हणतो, "ह्ये काय खायाचं?" मग तो पाण्यात हात घालतो, बोटं एकमेकांवर घासतो, वास घेतो आणि म्हणतो, "थांब की जरा. पाणी चढायलंय." (आमच्या बेळगावात 'चढूलंय' म्हणतील. त्या एका शब्दावरून मला सरांचं गाव कळलं असतं.) पाण्यात वरच्या रानाची माती आलीय, म्हणजे वर पाऊस झालाय, घटकाभरात ओढ वाढणार, हे तो त्या बोटांवरून ओळखतो. आणि तो नाव सोडत नाही. राजकन्या रागावते, सैनिक जवळ येतात, हा हलत नाही. त्या तीन पानांत मी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

त्या माणसाला नियम आहे, काम आहे, एक क्षुल्लक काळजी आहे आणि एक मोठी भीती आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये दूधगंगा-वेदगंगा-कृष्णा लोकांच्या घरात शिरल्या, तेव्हा अशी बोटं सरांनी जवळून बघितली असतील, असा माझा अंदाज. त्या तीन पानांपुरत्या सरांच्या चपला बाहेर काढायच्या राहिल्या. पुढच्या पानावर स्फटिकाने नाव आपोआप चालू लागते आणि नावाडी जो जातो तो जातो. जाऊ दे.

आता तुझ्या घरच्यांचं म्हणणं. "सीमाभागात मराठी पुस्तक निघतंय हेच खूप." हे मी जन्मभर ऐकत आले, आणि स्वतःही म्हटलंय. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १९५६ साली आपण कर्नाटकाच्या (तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या) बाजूला राहिलो, आणि तेव्हापासून आपल्याकडे मराठी पुस्तक हे पुस्तक राहिलेलंच नाही, तो ठराव झालाय. ठराव वाचत कुणी नाही, हात वर करून मंजूर करतात. कडाक्याच्या थंडीत गावोगाव संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, लेझीम होतं, डोळे भरून येतात, मलाही येतात. आणि मांडवातून घरी जाताना पुस्तक कोण विकत घेतं? इंदिरा संत बेळगावात राहून लिहीत होत्या. त्यांच्या कवितेला कुणी सीमाभागाची म्हणून चार गुण जास्त दिले नाहीत, आणि त्यांना ते लागलेही नाहीत.

माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कवीच्या पहिल्या संग्रहावर मी बोलले. कविता पाडलेल्या होत्या. माणूस भला, मराठीसाठी मोर्चात पुढं, लाठ्या खाल्लेला. मी उभी राहून "मराठी कवितेला नवं वळण" म्हणाले. टाळ्या झाल्या. त्यांनी कर्ज काढून आणखी तीन संग्रह काढले. शेवटचा आमच्या वाचनालयात होता, आतली तारखांची चिठ्ठी कोरी. एकदा ते आले, कपाटातून तो संग्रह काढला, मागचं पान उघडून ती चिठ्ठी बघितली आणि पुस्तक जागेवर ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मी रजिस्टरात डोकं घालून बसले होते.

म्हणून गोड बोलून मोकळी होऊ नकोस. दुसरा भाग निम्मा झालाय, फंडातले उरलेले पैसे त्यात जाणार आहेत. पहिला भाग आता बदलत नाही, दुसरा बदलतो.

कर असं. संमेलनाच्या आठ-दहा दिवस आधी सरांच्या घरी जा, एकटी, पेन्सिलीच्या खुणा केलेली प्रत घेऊन. जे बोलायचं ते मांडवात पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडायला नको. आणि निकाल सांगू नकोस, प्रश्न विचार. जन्मभर शिकवलेल्या माणसाला शेरा झोंबतो, पण विद्यार्थ्याने हात वर केला की त्याला राहवत नाही. "सर, त्या दोन मेणबत्त्या आठवतात? मग इथं राजकन्येची सावली एकच कशी?" एवढं विचार आणि गप्प बस. ते आधी खाकरतील. मग कागद ओढतील आणि दोन सूर्य काढून बघतील, पैज लाव. पुढचे प्रश्न तू माझ्यापेक्षा चांगले विचारशील. स्फटिक कोण खणतं, पान २४० वर तो का चालला नाही, राजकन्येला नेमकं काय हवंय. 'पुठ्ठ्याची पात्रं' हा शब्द मात्र घरीच ठेव. तो माझ्यापुढं चालला, त्यांच्यापुढं नको.

त्यांनी थेट विचारलं, "आवडली का?" तर "नावाडी फार आवडला, बाकीच्यांशी माझी ओळखच झाली नाही" असं म्हण. खोटं एक अक्षर नाही त्यात. ते रागावतील कदाचित. चहा पिऊन घरी ये, दोन दिवस जाऊ दे. फी भरणारा माणूस एवढ्याने तुटत नसतो, आणि तुटलाच तर ते उपकार नव्हते, उचल होती असं समज. पण मला तसं वाटत नाही. संमेलनात बोलायला त्यांनी गावातल्या पुढाऱ्याचं नाव सुचवलं नाही, तुझं सुचवलं. तू खोटं बोलत नाहीस हे त्यांना ठाऊक असणार.

मांडवात बारांपैकी आठ मिनिटं नावाड्याला दे. ती तीन पानं सावकाश वाचून दाखव, 'पाणी चढायलंय' तुमच्या गावच्या सुरात म्हण. पुढं बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या घरात पाणी शिरलेलं आहे, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. मग सांग, की बाकीचं पुस्तक या तीन पानांच्या तोडीचं मला वाटलं नाही, आणि का वाटलं नाही त्याचं एक उदाहरण दे, स्फटिक कोण खणतं हेच. सावलीचं तिथं काढू नकोस. लोक हसतील, आणि ते हसणं विज्ञानाच्या मास्तरांवर असेल. ते घरातच राहू दे. 'मैलाचा दगड', 'मोलाची भर', 'सीमाभागाचा मानबिंदू' हे शब्द आपण मंडळींनी एवढे वापरलेत की त्यांना आता भोकं पडलीत, तू नवीन काहीतरी वापर.

कुणी उठून म्हणेल, "आपल्याच माणसाची उणी काय काढतेस?" तेव्हा खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांची गोष्ट सांग. कोल्हापुरात जन्मलेला माणूस, म्हणजे तुझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवताना त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने ती पाठवली. परीक्षकांनी त्यांचं नाव न बघता कथा वाचावी म्हणून. पहिला नंबर आला. नाव झाकून वाचलं जावं, असं एवढ्या मोठ्या माणसाला वाटत होतं. तुझ्या सरांना तो मान कुणीतरी द्यायला हवा, तू दे.

जाताना काकूंसाठी गजरा ने. कुंदा नेऊ नकोस, सरांना शुगर आहे असं तूच लिहिलंयस.

तुझी प्रत आज पोस्टात टाकतेय. तिकीट पान ९८ वरून काढून १८३ वर ठेवलंय.